वेगवेगळ्या रेझोल्यूशनचे दोन मॉनिटर लिनक्सवर कसे जुळवावेत

एका संगणकाला दोन मॉनिटर जोडणे लिनक्सवर आता अवघड राहिलेले नाही. केबल लावली की बहुतेक वेळा दोन्ही पडदे उजळतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. एका पडद्यावर नीट वाचता येणारी खिडकी दुसऱ्यावर सरकवली की अक्षरे मुंगीएवढी होतात किंवा अवाढव्य दिसू लागतात, आणि माऊसचा बाण सीमेवर कुठे अडतो, तर कुठे भलत्याच उंचीवर बाहेर पडतो. अशा वेळी नवखा वापरकर्ता मोठ्या मॉनिटरचे रेझोल्यूशन कमी करून दोन्ही पडदे सारखे करू पाहतो. हा उपाय टाळावा, कारण त्याने चांगल्या मॉनिटरची सगळी सुबकता वाया जाते आणि अक्षरे पुसट होतात. रेझोल्यूशन दोन्हीकडे मॉनिटरचे मूळचेच ठेवावे. जुळवायची असते ती पिक्सेलची घनता. ती स्केलिंगने, म्हणजे पडद्यावरील अक्षरे आणि बटणे ठरावीक प्रमाणात मोठी करून, जुळवता येते, आणि स्केलिंग किती ठेवायचे हे अंदाजाने नव्हे, तर मोजून ठरवता येते.

आधी मोजपट्टी घ्यावी

दोन्ही मॉनिटरच्या उजळणाऱ्या भागाची रुंदी, म्हणजे कडेची चौकट सोडून, सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि आडव्या पिक्सेलच्या संख्येला तिने भागावे. २७ इंची फोर-के मॉनिटरचा पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यात आडवे ३८४० पिक्सेल असतात, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये ६४ पिक्सेल बसतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यात १९२० पिक्सेल असतात, म्हणजे सेंटिमीटरला ३६. या दोहोंचे गुणोत्तर १.७८ येते. याचा अर्थ असा, की फुल एचडी मॉनिटर १०० टक्क्यांवर ठेवला आणि फोर-के मॉनिटर १७५ टक्क्यांवर नेला, तर एकाच खिडकीतील अक्षरे दोन्ही पडद्यांवर जवळपास सारख्याच आकाराची दिसतील.

फुल एचडीकडे १०० टक्केच का, याचे उत्तर जुन्या संकेतात आहे. डेस्कटॉपवरील अक्षरे आणि बटणे यांचे आकार इंचाला ९६, म्हणजे सेंटिमीटरला सुमारे ३८ पिक्सेल असे धरून आखण्याची प्रथा आहे. ज्या मॉनिटरची घनता याच्या जवळपास आहे त्याला स्केलिंगची गरज नसते.

ही मोजणी एक गोष्ट लख्ख दाखवते, जी केवळ रेझोल्यूशनचे आकडे पाहून कधीच लक्षात येत नाही. १४ इंची लॅपटॉपचा पडदा फुल एचडी असेल आणि शेजारचा २४ इंची मॉनिटरही फुल एचडी असेल, तर कागदावर दोन्ही सारखे असतात. पण लॅपटॉपची रुंदी जेमतेम ३१ सेंटिमीटर असल्याने त्याची घनता सेंटिमीटरला ६२ पर्यंत जाते. म्हणून तिथेही स्केलिंग वेगवेगळे लागते. मात्र लॅपटॉप डोळ्यांच्या अधिक जवळ असतो, त्यामुळे गणिताने १७० टक्के आले तरी प्रत्यक्षात १२५ किंवा १५० टक्के पुरतात. उलट २७ इंची क्यूएचडी, म्हणजे २५६० × १४४० चा मॉनिटर आणि २४ इंची फुल एचडी यांच्या घनतेत इतका थोडा फरक असतो, की दोन्ही १०० टक्क्यांवरच ठेवावेत आणि अक्षरे लहान वाटल्यास केवळ फॉन्टचा आकार वाढवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

केबल आणि पोर्ट

सेटिंग्ज उघडण्यापूर्वी केबलकडे लक्ष द्यावे. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरून सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट माहिती वाहावी लागते. एचडीएमआय १.४ची क्षमता तेवढी नाही. त्यावर फोर-के केवळ ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर, चालते. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ अथवा त्यापुढची आवृत्ती लागते, आणि ती संगणकाच्या पोर्टला, केबलला आणि मॉनिटरला अशी तिन्हीकडे लागते. ३० हर्ट्झवर चित्र स्वच्छ दिसते, परंतु माऊसचा बाण हाताच्या मागून ओढल्यासारखा चालतो, आणि पुष्कळ जण त्याचा दोष लिनक्सला देतात. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एचडीएमआयची जुनी आवृत्ती मुळातच निवडलेली असते. तीही एकदा तपासावी. संगणकावर दोन प्रकारचे पोर्ट असतील तर जास्त रेझोल्यूशनच्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट द्यावा आणि साध्या मॉनिटरला एचडीएमआय.

यूएसबी-सी पोर्टची गोष्ट वेगळी आहे. सगळे यूएसबी-सी पोर्ट चित्र पाठवत नाहीत. त्यासाठी पोर्टला डिस्प्लेपोर्ट आल्ट मोडची सोय असावी लागते. एकाच हबमधून दोन मॉनिटर चालवले तर उपलब्ध क्षमता दोघांत वाटली जाते, त्यामुळे एकटा असताना ६० हर्ट्झ देणारा फोर-के मॉनिटर दुसरा जोडताच ३० हर्ट्झवर उतरू शकतो.

सत्र कोणते आहे ते पाहावे

पुढची प्रत्येक पायरी आपल्या डेस्कटॉपचे सत्र वेलँडचे आहे की एक्स-११चे, यावर अवलंबून आहे. पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या या दोन व्यवस्था आहेत. एक्स-११ ही १९८७ पासूनची. तिच्यात सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा सलग पट मानला जातो आणि व्यवहारात त्या पटाला घनताही एकच असते, म्हणून प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र स्केलिंग देण्याची सरळ वाट तिथे नाही. वेलँडचे काम २००८ मध्ये सुरू झाले. त्यात प्रत्येक मॉनिटरचे स्केलिंग स्वतंत्र असते आणि खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर गेली की तिला नवे स्केलिंग कळवले जाते. वेगवेगळ्या घनतेचे दोन मॉनिटर असतील तर वेलँडच निवडावे. एक्स-११वरच अडलेला एखादा प्रोग्राम असल्याखेरीज दुसरा विचार करण्याचे कारण नाही.

लिनक्सवर जीनोम आणि केडीई प्लाझ्मा हे दोन प्रचलित डेस्कटॉप आहेत. सत्र ओळखण्यासाठी जीनोममध्ये सेटिंग्जच्या सिस्टिमविषयक माहितीच्या पानावर ‘विंडोइंग सिस्टिम’ ही ओळ पाहावी. केडीई प्लाझ्मामध्ये ‘अबाउट धिस सिस्टिम’ या पानावर ‘ग्राफिक्स प्लॅटफॉर्म’ अशी नोंद असते. सत्र बदलायचे असेल तर लॉगआउट करावे आणि लॉगिनच्या पडद्यावर दिसणाऱ्या दातेरी चाकाच्या चिन्हातून किंवा सत्रांच्या यादीतून हवे ते निवडावे. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१६ मध्ये आलेल्या २५व्या आवृत्तीपासून वेलँड हे मूळ सत्र केले आणि प्लाझ्माने २०२४ मधील सहाव्या आवृत्तीपासून, त्यामुळे नव्या वितरणांत बहुधा काहीच बदलावे लागत नाही. एनव्हिडिया कार्ड असणाऱ्यांनी कंपनीचा ड्रायव्हर ५५५ किंवा त्यापुढच्या मालिकेतील आहे याची खात्री करावी; त्याआधीच्या ड्रायव्हरवर वेलँडमध्ये काही प्रोग्रामांच्या खिडक्या लुकलुकण्याची तक्रार सर्रास असे.

सेटिंग्जमधील क्रम

आता जीनोममध्ये ‘डिस्प्लेज’ आणि प्लाझ्मामध्ये ‘डिस्प्ले अँड मॉनिटर’ हे पान उघडावे. दोन्ही मॉनिटर आयतांच्या रूपात दिसतात. जीनोममध्ये ‘जॉइन’ निवडावे, म्हणजे दोन्ही पडदे मिळून एक सलग जागा तयार होते. ‘मिरर’ हा पर्याय सभागृहातील प्रोजेक्टरसाठी ठीक आहे. वेगळ्या रेझोल्यूशनच्या मॉनिटरवर तो दोघांनाही चालेल असे रेझोल्यूशन शोधतो आणि त्यात चांगल्या पडद्याचे नुकसान होते.

त्यानंतर एकेक मॉनिटर निवडून आधी रेझोल्यूशन, मग रिफ्रेश रेट, म्हणजे वर सांगितलेले हर्ट्झ, आणि शेवटी स्केल असा क्रम ठेवावा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रेझोल्यूशन बदलले की उरलेल्या दोन्ही गोष्टींचे उपलब्ध पर्याय बदलतात. रेझोल्यूशन यादीतील सर्वांत मोठे, म्हणजे मॉनिटरचे मूळचे असावे. रिफ्रेश रेट ६० च्या खाली असेल तर केबलच्या पायरीवर परत जावे. बदल लागू केल्यावर ‘हे असेच ठेवायचे का’ अशी विचारणा येते आणि काही सेकंदांत उत्तर दिले नाही, तर आधीची मांडणी आपोआप परत येते. म्हणून पडदा काळा झाला तरी घाबरून काही दाबू नये, थोडे थांबावे.

स्केलच्या यादीत १०० आणि २०० एवढेच पर्याय दिसत असतील तर अपूर्णांकी स्केलिंग बंद आहे. उबुंटूमध्ये त्यासाठी याच पानावर ‘फ्रॅक्शनल स्केलिंग’ नावाचा खटका आहे. प्लाझ्मामध्ये सरकपट्टी असते आणि तिच्यावर मधले आकडे सहज मिळतात. मोजपट्टीने काढलेल्या गुणोत्तराच्या जवळचा आकडा निवडावा आणि मग पडताळणी करावी. एखाद्या लेखाची खिडकी आधी एका पडद्यावर ठेवून त्यातील एका ओळीची लांबी मोजावी. मग तीच खिडकी दुसऱ्या पडद्यावर नेऊन तीच ओळ पुन्हा मोजावी. पाच-सात टक्क्यांचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी झगडू नये.

अपूर्णांकी स्केलिंगची किंमत मात्र माहीत असावी. जुन्या पद्धतीत डेस्कटॉप आधी सगळे २०० टक्क्यांवर काढतो आणि मग ते चित्र लहान करून पडद्यावर आणतो. फोर-के मॉनिटर १५० टक्क्यांवर ठेवला तर कामाची जागा २५६० × १४४० होते, ती दुपटीने काढायची म्हणजे ५१२० × २८८० चे चित्र तयार करावे लागते, जे मॉनिटरच्या प्रत्यक्ष पिक्सेलच्या पावणेदोन पटींहून थोडे अधिकच भरते. साध्या ग्राफिक्स कार्डावर हा भार जाणवतो आणि अक्षरांची धारही किंचित बोथट होते. २०२२ च्या अखेरीस वेलँडमध्ये अपूर्णांकी स्केलिंगसाठी स्वतंत्र प्रोटोकॉल आला, ज्यामुळे प्रोग्रामला नेमके १.५ किंवा १.७५ हे प्रमाण कळते आणि तो त्याच मापात चित्र काढू शकतो. म्हणून डेस्कटॉप आणि प्रोग्राम दोन्ही ताजे असतील तर अपूर्णांकी स्केलिंगला बिचकण्याचे कारण नाही.

तरीही एखादाच प्रोग्राम पुसट दिसत असेल, तर तो बहुधा एक्स-वेलँडमधून, म्हणजे जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या एक्स-११च्या थरातून चालत असतो. प्लाझ्माच्या डिस्प्लेच्या पानावर ‘लेगसी ॲप्लिकेशन्स’साठी दोन पर्याय दिलेले असतात: प्रोग्रामने स्वतः स्केल व्हावे, किंवा डेस्कटॉपने त्याला ताणावे. पहिला पर्याय घेतला की बहुतेक प्रोग्राम सुबक दिसतात, पण स्केलिंग न जाणणारे फार जुने प्रोग्राम बारीक होतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे तो प्रोग्राम थेट वेलँडवर चालवणे. फायरफॉक्स १२१व्या आवृत्तीपासून आपोआप तसाच चालतो.

पडद्यांची मांडणी

या पायरीवर बहुतेक जण घाई करतात आणि मग बाणाच्या अडखळण्याला कंटाळतात. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. वेलँडमध्ये मॉनिटरचे आयत प्रत्यक्ष पिक्सेलमध्ये नव्हे, तर स्केलिंगनंतर उरणाऱ्या मापात मोजले जातात. फोर-के मॉनिटर १७५ टक्क्यांवर असेल तर त्याचा आयत सुमारे २१९४ × १२३४ चा होतो, आणि शेजारचा फुल एचडी १०० टक्क्यांवर असल्याने पूर्ण १०८० उंचीचा राहतो. म्हणजे स्केलिंग नीट निवडले असेल तर सेटिंग्जमधील आयतांचे प्रमाण टेबलावरील खऱ्या पडद्यांच्या प्रमाणाशी आपसूक जुळते. ते जुळत नसेल तर स्केलिंग पुन्हा तपासावे, हा एक चांगला ताळा आहे.

आयत एकमेकांशेजारी ठेवले की डेस्कटॉप बहुधा त्यांच्या वरच्या कडा एका रेषेत आणतो. टेबलावर मात्र मॉनिटरच्या वरच्या कडा क्वचितच एका रेषेत असतात. वरील उदाहरणात उंचीतला फरक १५४ आहे. वरच्या कडा जुळवल्या तर मोठ्या पडद्याच्या तळाच्या १५४ पिक्सेलच्या पट्ट्यातून बाण पलीकडे जाणारच नाही, कारण त्या उंचीवर पलीकडे पडदाच नाही. खालच्या कडा जुळवल्या तर हाच बंद पट्टा वर जातो. यांपैकी योग्य काय, ते टेबलावर पाहून ठरवावे. दोन्ही पडद्यांच्या तळकडांमधील अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे आणि त्याला १०० टक्के स्केल असलेल्या मॉनिटरच्या घनतेने, म्हणजे इथे ३६ ने, गुणावे. लहान पडद्याची तळकड मोठ्याच्या तळकडेपेक्षा तीन सेंटिमीटर वर असेल, तर त्याचा आयतही सुमारे १०८ ने वर सरकवावा. आयत ओढताना इतके काटेकोर राहता येत नाही, पण आकडा डोळ्यासमोर असला की ओढणे जवळपास अचूक होते.

शेवटी बाण सीमेवरून तीन ठिकाणी, वर, मध्ये आणि खाली, हळू नेऊन पाहावा. तो सरळ रेषेत पलीकडे गेला पाहिजे. मुख्य मॉनिटरही याच पानावर निवडावा. जीनोमची वरची पट्टी त्यावरच दिसते. जो पडदा समोर असतो आणि ज्यावर वाचन अधिक होते, तो मुख्य ठेवावा.

एक्स-११वरच राहावे लागले तर

एक्स-११मध्ये उपाय उलट बाजूने करावा लागतो. संपूर्ण डेस्कटॉपचे स्केलिंग जास्त घनतेच्या मॉनिटरला साजेसे, म्हणजे २०० टक्के ठेवायचे आणि कमी घनतेच्या मॉनिटरला मोठा पट आकसून दाखवायला सांगायचे. हे काम एक्सरँडआर ही आज्ञा करते. टर्मिनलमध्ये तिचे नाव रोमन लिपीत लहान अक्षरांत एक्स, आर, ए, एन, डी, आर असे टंकावे. नुसती आज्ञा दिली की जोडलेल्या पोर्टची नावे आणि प्रत्येकाची रेझोल्यूशने दिसतात. पोर्टचे नाव त्या यादीतून जसेच्या तसे घ्यावे, कारण ते ड्रायव्हरप्रमाणे बदलते.

पर्यायांच्या आधी दोन आडव्या रेघा येतात. फुल एचडी मॉनिटरसाठी ‘आउटपुट’ या पर्यायापुढे त्याच्या पोर्टचे नाव, ‘मोड’पुढे १९२० आणि १०८०, ‘स्केल’पुढे १.७५ आणि १.७५, आणि ‘पॉस’ (pos) पुढे जागा द्यावी. प्रत्येक जोडीतील दोन आकड्यांमध्ये गुणाकाराचे चिन्ह नव्हे, तर रोमन लहान एक्स हे अक्षर येते. आकडेही देवनागरी नव्हे, तर इंग्रजीच (1, 2, 3) हवेत आणि पर्यायांची नावेही रोमन लहान अक्षरांतच लिहावीत. १.७५ पटीने या मॉनिटरचा पट ३३६० × १८९० होतो. फोर-के मॉनिटर डावीकडे शून्य-शून्यावर असेल आणि तळकडा जुळवायच्या असतील, तर फुल एचडीची जागा आडवी ३८४० आणि उभी २७० येते, कारण २१६० मधून १८९० वजा केले की २७० उरतात. इथे सगळे मोजमाप प्रत्यक्ष पिक्सेलमध्ये चालते, हा वेलँडशी असलेला मोठा फरक विसरू नये.

या पद्धतीने फुल एचडीवरील अक्षरे थोडी मऊ दिसतात, कारण मोठे चित्र लहान केलेले असते. शिवाय ही मांडणी लॉगआउट होताच पुसली जाते. ती आज्ञा एका छोट्या फाइलमध्ये ठेवून डेस्कटॉपच्या ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये नोंदवावी, आणि नंतर डिस्प्लेच्या पानावर काही बदलले तर ती पुन्हा चालवावी लागते हे ध्यानात ठेवावे.

अडल्यास कुठे पाहावे

दुसरा मॉनिटर दिसतच नसेल आणि लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, तर बाहेरचे पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेले असण्याची शक्यता मोठी असते. ड्रायव्हर बसवल्याशिवाय ते जागे होत नाही. ड्रायव्हर बसवूनही काम होत नसेल तर सिक्युअर बूट सुरू आहे का, ते पाहावे, कारण सही नसलेला ड्रायव्हर ते चालू देत नाही. मॉनिटर दिसतो पण यादीत १०२४ × ७६८ च्या वर काही मिळत नाही, असे झाल्यास संगणकाला मॉनिटरची माहिती पोहोचलेली नाही. प्रत्येक मॉनिटर आपली रेझोल्यूशने ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीतून कळवतो. खराब केबल, स्वस्त अडॅप्टर किंवा स्विच ती नोंद अडवतात. हाताने नवे मोड लिहिण्याच्या खटपटीआधी केबल बदलून पाहावी.

जीनोम ही सगळी मांडणी होम फोल्डरातील लपलेल्या ‘डॉट कॉन्फिग’ फोल्डरमध्ये मॉनिटर्स नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवतो. त्यात मॉनिटरच्या ओळखीबरोबर पोर्टचे नावही नोंदलेले असते, त्यामुळे तोच मॉनिटर दुसऱ्या पोर्टला लावला की मांडणी नव्याने करावी लागते. मांडणी पूर्ण बिघडली तर ती फाइल दुसरीकडे हलवून पुन्हा लॉगिन करावे. सगळे मूळ स्थितीत येते. लॉगिनचा पडदा चुकीच्या मॉनिटरवर किंवा भलत्या आकारात दिसत असेल तर त्याचे कारण असे, की तो आपल्या खात्याची मांडणी वाचत नाही. एसडीडीएम हा लॉगिनचा प्रोग्राम वापरणाऱ्या प्लाझ्मामध्ये लॉगिन स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये ‘अप्लाय प्लाझ्मा सेटिंग्ज’ हे बटण दाबले की खात्यातील मांडणी तिकडेही लागू होते.